थंडी, ऊन आणि काँक्रीट

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथाच्या देवळाचा खालचा भाग पाहिला म्हणजे घडीव दगड एकमेकांवर चुन्यावांचून बसविलेले दिसतात. त्या पाथरवटांना सांध्यांतील माल वाळेल कीं थिजेल, ही चिंता नव्हती. वरचें शिखर मात्र पुढें विटा-चुन्यांत उभें राहिलें. आणि चुन्याबरोबर ऋतूची चिंताही आली.

पाण्यांतही आवळणाऱ्या चुन्याचें मर्म जॉन स्मीटन या इंग्रज स्थापत्यविशारदानें १७५६ ते १७५९ या काळांत एडिस्टनचें दीपगृह बांधतांना शोधिलें. १८२४ मध्यें जोसेफ ॲस्पडिन यानें पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें. सिमेंट वाळून घट्ट होतें, हा समज खरा नव्हे. तें पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतें. म्हणून कोवळ्या काँक्रीटांतील पाणी राखणें हेंच सारें काम.

शीत देशांत हें पाणी गोठतें. गोठतांना त्याचें आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें आणि काँक्रीट आंतून फुटतें. यासाठीं तेथें पाणी व वाळू तापवून घेतात, गोठलेल्या जमिनीवर माल ओतीत नाहींत, आणि ओतलेला माल उबदार आच्छादनाखालीं ठेवितात. पूर्वीं कॅल्शियम क्लोराइडही मिसळीत. पण त्यानें लोखंडी सळ्या गंजतात, असें आढळल्यावर सळ्यांच्या कामांत तें वर्ज्य ठरलें. भारतांत थंड हवेंतील कामाचें मानक १९८१ मध्यें निघालें; त्यांत मर्यादा सुमारें ५ अंश सेल्सिअस धरली आहे.

हे नियम लडाखसाठींच, असें मराठवाड्यांतील गवंड्यास वाटेल. परंतु ज्या परभणी जिल्ह्यांतून १९९९ मध्यें हिंगोली वेगळा झाला, त्या परभणीस डिसेंबर २०१८ मध्यें पारा सुमारें ३ अंशांपर्यंत उतरला होता. इतक्या थंडीनें पाणी गोठत नाहीं, पण संयोगाची क्रिया मंदावते आणि बळ उशिरा येतें. अशा वेळीं धोका घाईचा असतो. नेहमींच्या हिशेबानें टेकू व फळ्या काढल्या, तर स्लॅब कामगारांच्या अंगावर येऊं शकतो.

मे महिन्यांत येथेंच पारा ४० च्या वर जातो आणि तेंच पाणी वाफ होऊन उडतें. तेव्हां गोणपाट पसरून निदान १० दिवस पाणी मारावें लागतें. आणि नेमक्या त्याच दिवसांत विहिरी आटलेल्या असतात. म्हणून घर बांधणाऱ्यानें सिमेंटच्या गोण्या मोजण्याआधीं पाणी आणि दिवस मोजावेत. घाईनें वांचविलेला आठवडा पुढें भेगांच्या रूपानें भरून द्यावा लागतो.