खिल्लार बैल ते दीड हजार घोड्यांचं इंजिन

वडूजचं नाव निघालं की इतिहासवाल्यांना एकच तारीख आठवते, 9 सप्टेंबर 1942. तहसील कचेरीवरचा तो मोर्चा, हुतात्मा परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी. त्यावर आपण बोलूच कधीतरी. आज मात्र मी वडूजमध्ये बसून रणगाड्याच्या इंजिनाबद्दल बोलणार आहे. "खटाव-माणचा आणि रणगाड्याचा काय संबंध?" असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे, आणि तो बैलापासून सुरू होतो.

पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा ज्यांनी बघितली आहे, त्यांना खिल्लार जनावर सांगायला नको. म्हसवड आणि खरसुंडीचे बाजारही तसेच. पांढरं-करडं अंग, मागे वळलेली लांब शिंगं आणि अंगात कमालीची चपळाई. जाणकार या जातीचं नातं म्हैसूरच्या हल्लीकर आणि अमृतमहाल जनावरांशी जोडतात. आणि अमृतमहाल म्हणजे कोण? तर सैन्याचं सामान आणि तोफा ओढण्यासाठीच जोपासलेली जात. म्हैसूरच्या वडियारांनी कळप सुरू केले, हैदर अलीने ते लढाईच्या वाहतुकीला जुंपले, टिपूने वाढवले, आणि 1799 ला श्रीरंगपट्टण पडल्यावर ते सगळे कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. तलवारी, तोफा, खजिना यांची लूट सगळ्यांना माहीत असते. पण माझ्या मते त्या लुटीतली सगळ्यात मोलाची वस्तू चार पायांवर चालत होती.

कारण चारच वर्षांनी, 1803 मध्ये, आर्थर वेलस्ली म्हैसूरकडून निघाला आणि आपल्याच भागातून, मिरज, अकलूज असं करत पुण्याला पोचला. शेवटचे साठेक मैल त्याने घोडदळ घेऊन 32 तासांत कापले. त्याची पत्रं वाचली तर हा माणूस लढाईपेक्षा बैल, तांदूळ आणि बंजाऱ्यांचे तांडे याबद्दलच जास्त लिहितो की काय असं वाटतं. ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि 23 सप्टेंबरला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी गाठ पडली.

आपल्याकडे असईची गोष्ट सांगताना बहुतेक वेळा फितुरी सांगतात. मला तिथला एक वेगळाच तपशील महत्त्वाचा वाटतो. शिंद्यांच्या तोफांनी सुरुवातीलाच असा मारा केला की इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल आणि गोलंदाज पडले. तोफ शाबूत, पण बैल मेला की तोफ म्हणजे नुसता लोखंडाचा ठोकळा. वेलस्लीला तोफा मागे सोडून संगिनी लावून पायदळ पुढे काढावं लागलं. तो जिंकला, 98 तोफा त्याच्या हाती लागल्या, पण माणसं भयंकर गमावून. आज रणगाड्याचा पट्टा तुटला किंवा इंजिन बंद पडलं की जे होतं, ते असईला बैलांच्या बाबतीत झालं होतं.

आता हिशोब करू. एक बैलजोडी साधारण एक अश्वशक्ती देते, असं धरतात. आपल्या अर्जुन रणगाड्याचं इंजिन 1400 अश्वशक्तीचं. म्हणजे 2800 बैल. पुसेगावच्या बाजारातली सगळी जनावरं एका डब्यात कोंबल्यासारखं झालं की हे! आणि गंमत बघा, पहिल्या अर्जुनचं वजन 58 टनांवर, तरी जमिनीवर त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोहून थोडा जास्त, कारण वजन लांबरुंद पट्ट्यांवर पसरतं. साडेचारशे किलोचा बैल चार खुरांवर उभा राहतो, तेव्हा ढोबळमानाने त्याचा दाब रणगाड्यापेक्षा जास्त भरतो. म्हणून चिखलात बैल रुततो. रणगाडाही रुतत नाही असं नाही, ते पुढे येईलच.

बैलाच्या जागी इंजिन यायची गोष्टही आपल्या अंगणातलीच आहे. वडूजपासून औंध कितीसं लांब! औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी चित्रकार, सूर्यनमस्कारवाले राजे म्हणून ठाऊक असतात. 1910 मध्ये बेळगावातून कारखाना हलवायची पाळी आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी संस्थानातला कुंडल रोड स्टेशनजवळचा 32 एकर ओसाड माळ दिला. निवडुंग आणि साप, एवढंच तिथलं भांडवल. तीच आजची किर्लोस्करवाडी. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर खपायला दोन वर्षं लागली, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. तो नांगर ओढायला बैलच होते बरं का.

पुढे 1946 ला पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि 1962 ला अमेरिकेच्या कमिन्सबरोबर भागीदारीत किर्लोस्कर कमिन्स. नंतर किर्लोस्कर त्यातून बाहेर पडले, कमिन्स राहिली. विहिरीवरचं डिझेल इंजिन आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिलं ते याच घराण्याचं. मग रणगाड्याचं का नाही? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता.

उत्तर शोधायला नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जावं लागतं. फाळणीआधी लष्कराच्या वाहनांची तपासणी करणारी संस्था रावळपिंडीजवळ चकलाल्याला होती. 1947 मध्ये तिचा आपल्या वाट्याला आलेला भाग नगरला आला, आणि त्यातून व्हीआरडीई उभी राहिली. पुढे रणगाड्यांचं काम चेन्नईजवळच्या आवडीला गेलं, नगरकडे मुख्यतः चाकांची वाहनं राहिली. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्रही नगरचंच. तिथल्या रणगाडा संग्रहालयात जुन्या रोल्स-रॉइस चिलखती गाडीपासून पॅटनपर्यंत सगळं बाहेर मांडलेलं आहे. मुलांना घेऊन जा.

पॅटन म्हटलं की 1965 चं असल उत्तर. पाकिस्तानकडे 810 अश्वशक्तीचे पॅटन, आपल्या डेक्कन हॉर्सकडे दुसऱ्या महायुद्धातले म्हातारे शर्मन. त्या रेजिमेंटचे कमांडर आपले अलिबागचे लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, पुढे लष्करप्रमुख झालेले. आपल्या सैन्याने पाणी सोडून शेतं चिखल करून टाकली, उभ्या उसात रणगाडे लपवले. पॅटन चिखलात अडकले. उसाला पाणी दिल्यावर ट्रॅक्टर घालू नये हे आपल्याकडे पोरालाही कळतं, पण 810 अश्वशक्तीच्या भरवशावर ते विसरायला होतं.

मग 1974 ला अर्जुनला मंजुरी मिळाली. कल्पना अशी होती की 1500 अश्वशक्तीचं इंजिन आपलं आपण करू. ते जमलं नाही. विहिरीवरचं इंजिन एका जागी, एका वेगाने, सावकाश चालतं. मोठं झालं तरी कुणाची तक्रार नसते. रणगाड्याचं इंजिन एका छोट्या खोपटात मावायला हवं, राजस्थानच्या उन्हात, धुळीत, बंद पेटीत तापता कामा नये, आणि क्षणात शून्यातून पूर्ण ताकद द्यायला हवं. धातू, इंधनाचा फवारा, टर्बो, गिअरबॉक्स, यातली एक गोष्ट कच्ची राहिली तरी सगळं फसतं. शेवटी जर्मन एमटीयूचं इंजिन बसवलं. 124 रणगाड्यांची ऑर्डर यायला 2000 साल उजाडलं. 2021 मध्ये सुधारित 118 ची ऑर्डर निघाली, तर जर्मनीकडून इंजिनं वेळेवर मिळेनात म्हणून काम रखडलं. वेलस्लीकडे निदान बैल स्वतःच्या ताब्यात होते.

लडाखमध्ये तर हे दुखणं दुप्पट. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तावन्न टक्क्यांच्या आसपास उतरतो. इंजिनाला श्वास पुरत नाही. तरी आपल्या लोकांनी 1 नोव्हेंबर 1948 ला थिमय्यांच्या हुकमतीखाली झोजिलावर स्टुअर्ट रणगाडे चढवून दाखवले होते. मद्रास सॅपर्सनी खेचरांची वाट रुंद करून रणगाड्यांचा रस्ता केला, आणि समोरच्यांना डोळ्यांवर विश्वास बसेना. 2020 च्या ऑगस्टमध्ये रेझांग ला, रेचिन लावर पुन्हा रणगाडे चढले. पण टी-72 चा हिशोब काढा: 41 टन आणि 780 अश्वशक्ती, म्हणजे टनामागे एकोणीस. म्हणून हलका 'जोरावर' आला, 6 जुलै 2024 ला हजिऱ्याला लोकांसमोर. 25 टन, 760 अश्वशक्ती, टनामागे तीस. त्याच्यासाठीही आधी जर्मन इंजिन ठरलं होतं, ते अडलं, आणि बसलं कुठलं? कमिन्सचं. नगरच्या व्हीआरडीईने टाटांबरोबर केलेली आठ चाकांची पाण्यात पोहणारी गाडी, तीही कमिन्सवरच चालते. ती आता मोरोक्कोत बनते, सप्टेंबर 2025 मध्ये तिथे कारखाना सुरू झाला. गाडी आपली, हृदय अजून अमेरिकेचं.

20 मार्च 2024 ला मैसूरच्या बीईएमएलच्या कारखान्यात 1500 अश्वशक्तीचं देशी इंजिन पहिल्यांदा चाचणीच्या बाकावर धडधडलं. मी ती बातमी दोनदा वाचली. बाकावर चालणं वेगळं आणि थरच्या वाळूत हजारो किलोमीटर चालणं वेगळं, हे मला मान्य आहे. विहिरीवरचं इंजिनसुद्धा दुकानात एका हँडलला सुरू होतं आणि मळ्यात आणलं की रुसतं. पण 1974 पासून जे राहिलं होतं ते निदान सुरू तरी झालं. आणि झालं कुठे, तर मैसूरला, जिथून अमृतमहालचे कळप निघाले होते.

खटाव-माणमध्ये घरटी एक माणूस फौजेत असतो म्हणतात. तुमच्या घरात कुणी रणगाडा चालवला असेल, किंवा ईएमईमध्ये राहून इंजिन उतरवलं-चढवलं असेल, तर मला जरूर कळवा. एका निवृत्त सुभेदारांनी टी-72 चं इंजिन थंडीत पहाटे कसं जागं करायचे ते सांगायचं कबूल केलंय, ते पुढच्या भागात ऐकू.