घाट टाळला, खाडी आडवी आली

महाराष्ट्रातल्या रेल्वेच्या इतिहासात मान मिळतो तो घाटांना. बोरघाटातल्या बोगद्यांवर आणि दरीवरच्या कमानींवर पानेच्या पाने लिहिली गेली. भाईंदर-नायगावमधल्या खाडीपुलाच्या वाट्याला ओळसुद्धा येत नाही. खरे तर हा पूल घाटातल्या पुलांचा सख्खा भाऊ, कारण त्याचा जन्मच घाट टाळण्याच्या निर्णयातून झाला. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे सूत्रधार कर्नल केनेडी यांनी आधी सिमल्याकडे हिंदुस्थान-तिबेट रस्त्याचे काम केले होते. डोंगराचा चढ काय मागतो हे त्यांनी अनुभवले होते. म्हणून रेल्वेने सह्याद्री चढण्याऐवजी सुरतेच्या बाजूने सपाटीवरून जावे, असा त्यांचा आग्रह. सपाटीला चढ नाही, पण नदी-खाड्या वाटेत आडव्या. १८६४ मध्ये गाडी ग्रँट रोडला पोहोचली, त्याआधी वसईची खाडी ओलांडावी लागली; मध्ये पाणजू बेट, म्हणून पूलही दोन.

कुणी म्हणेल, सपाट पाण्यावरच्या पुलाची दरीवरच्या पुलाशी काय बरोबरी? पण घाटात दरी डोळ्यांना दिसते आणि पाया खडकावर बसतो. खाडीची दरी गाळात बुडालेली असते. केनेडींनी इथे अलेक्झांडर मिचेल या अंध आयरिश अभियंत्याची युक्ती वापरली: ओतीव लोखंडाचा पोकळ खांब, टोकाला रुंद पात्याचा स्क्रू. खांब ठोकायचा नाही, पिळत पिळत खाली उतरवायचा. वर त्रिकोणी जोडणीचे वॉरन गर्डर, ठरलेल्या मापाचे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. याच पद्धतीचा नर्मदेवरचा पूल पुरांनी पुन्हा पुन्हा मोडला, आणि १८८१ मध्ये तिथे नवा पूल आला. हे नाकारता येत नाही. मात्र दगडही अढळ ठरला नाही. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून बॅक बेकडे पहिली लोकल या खाडीवरून गेली; त्याच जुलैत बोरघाटातला मोठा दगडी पूल कोसळला, बांधकाम कच्चे होते म्हणून. नर्मदेत लोखंडापेक्षा तळाने दगा दिला: पुराने खांबांभोवतीची वाळू खरवडून नेली. खाडीवर आता नवे पूल आहेत, तरी तळाचा हिशेब बदललेला नाही. नर्मदेच्या पुराने केले तेच काम इथे पुलांजवळचा चोरटा रेतीउपसा करतो, आणि त्याला पावसाळ्याची वाट पाहावी लागत नाही.