दोन टोकांमधला दुवा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. त्याच्या सव्वा वर्ष आधी, डिसेंबर १८५१मध्ये, लंडनच्या एका वैद्यकीय सभेत एडवर्ड मेरियन यांनी एक निबंध वाचला होता. एकाच घरातले भाऊ एकापाठोपाठ एक चालेनासे होतात, बहिणी मात्र ठणठणीत राहतात, असं त्यात नोंदवलं होतं. दगावलेल्या मुलाचा मज्जारज्जू त्यांना शाबूत आढळला. बिघाड स्नायूत होता आणि स्नायूतंतूंचं आवरण फाटलेलं होतं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण आगगाडीचं उदाहरण इथे कामाचं आहे. इंजिन धडधाकट असलं, तरी कपलिंग तुटलं की डबे जागचे हलत नाहीत.

मेरियन यांचं निरीक्षण मागे पडलं. आजाराला नाव मिळालं ते फ्रान्सच्या ड्युशेन यांचं. १८६८मध्ये त्यांनी तेरा मुलांचं सविस्तर वर्णन केलं. जिवंत रुग्णाच्या स्नायूचा कण काढण्यासाठी खास सुईही त्यांनी बनवली. १८७९मध्ये विल्यम गॉवर्स यांनी जमिनीवरून उठण्याची या मुलांची पद्धत टिपली: आधी हातापायांवर यायचं, मग हात गुडघ्यांवर, मांड्यांवर टेकवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं उभं राहायचं. डोंबिवली-कल्याणच्या लिफ्ट नसलेल्या इमारतींत ही गोष्ट बहुधा जिन्यावर लक्षात येते. पोटऱ्या भरदार दिसतात, म्हणून 'आळशी आहे, वय वाढलं की होईल नीट' असं म्हणण्यात एखाद-दोन वर्षं जातात.

विसाव्या शतकात संशोधकांचं लक्ष स्नायूच्या इंजिनावर होतं. ॲक्टिन आणि मायोसिन ही प्रथिनं एकमेकांवरून सरकतात आणि स्नायू आखडतो, हे १९५४पर्यंत समजलं. पण पेशीच्या आत निर्माण झालेला हा जोर पेशी न फाटता बाहेर कसा पोचतो? उत्तर सांधणाऱ्या प्रथिनांत होतं. १९७६मध्ये शेजारशेजारचे तंतुक एकत्र बांधणाऱ्या प्रथिनाला 'डेस्मिन' हे नाव मिळालं. त्याचा ग्रीक अर्थच बंध. त्याच्या आदल्याच वर्षी ड्युशेनच्या रुग्णांच्या स्नायूपेशींच्या आवरणाला भोकं असल्याचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसलं होतं. मेरियन सव्वाशे वर्षांनी बरोबर ठरले.

मग बोस्टनमध्ये लुई कुंकेल यांच्या गटानं उलटा रस्ता धरला. प्रथिन ठाऊक नसताना त्यांनी १९८६मध्ये एक्स गुणसूत्रावरचं जनुक शोधलं आणि १९८७मध्ये त्यावरून प्रथिन ओळखलं: डिस्ट्रॉफिन. जनुक वीस लाखांहून जास्त अक्षरांचं. पण प्रथिन मात्र स्नायूतल्या एकूण प्रथिनांच्या जेमतेम ०.००२ टक्के. त्याचं एक टोक पेशीच्या आतल्या ॲक्टिनला धरतं, दुसरं आवरणातल्या प्रथिनांच्या जुडग्याला, आणि ते जुडगं बाहेरच्या जाळ्याला. हा दुवा नसला, की प्रत्येक आकुंचनात आवरण थोडं फाटतं, कॅल्शियम आत घुसतं, तंतू मरतात आणि त्यांच्या जागी चरबी भरते. भरदार पोटऱ्यांचं रहस्य हेच.

१९९०मध्ये एक नवल प्रसिद्ध झालं. एका माणसाच्या या जनुकाचा मधला ४६ टक्के भाग गायब होता, तरी एकसष्टाव्या वर्षी तो चालत होता. दोन्ही टोकं शाबूत होती. दोर आखूड होता, पण तुटलेला नव्हता. आजची जनुकोपचाराची 'मायक्रो-डिस्ट्रॉफिन' ही कल्पना याच निरीक्षणातून आली. २०२३मध्ये अमेरिकेत अशा एका उपचाराला मान्यता मिळाली. तो आजार थांबवतो असं मात्र म्हणता येत नाही.

दुव्याची इतर कडीही तुटू शकते. मुंबईचे डॉ. सतीश खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये सार्कोग्लायकन, म्हणजे आवरणातल्या त्या जुडग्यातलीच प्रथिनं, नसलेल्या २५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरून ड्युशेनसारखाच दिसणारा हा आजार आई आणि वडील दोघांकडूनही येतो, मुलींनाही होतो. म्हणून नेमकी कडी कोणती, हे तपासावंच लागतं.

त्या तपासणीवर घरातलं बरंच काही अवलंबून असतं. 'आईकडून आला' हे वाक्य आपल्याकडे निदान न राहता आरोप होतं. प्रत्यक्षात ड्युशेनच्या साधारण एक तृतीयांश मुलांत बदल नव्यानंच झालेला असतो, आईच्या रक्तात तो सापडत नाही. आणि सापडला तरी तो तिचा गुन्हा नाही. मावशीला, बहिणीला मात्र पुढच्या बाळंतपणाआधी हे माहीत असण्याचा उपयोग होतो.

१९९५च्या अपंगत्व कायद्यात या आजाराचं नाव नव्हतं. २०१६च्या कायद्यानं ते घातलं. २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणात ड्युशेनचा समावेश आहे आणि परळचं केईएम हे त्यासाठीचं एक केंद्र. स्टेरॉइडनं चालण्याची वर्षं वाढतात, हृदय आणि श्वासाकडे वेळेवर लक्ष दिलं तर आयुष्यही. पण कल्याणहून परळला पोचायचं तर आधी घराचा जिना उतरायचा, मग स्टेशनचा पूल चढायचा. दहा-बारा वर्षांच्या मुलाला आई किंवा बाप उचलून नेतो. सोळाव्या वर्षी त्याला कोणी उचलायचं, हा प्रश्न सोडवायला जनुकशास्त्र लागत नाही.