उपनगरांतील वीज आणि कातरलेलें पोलाद

मुंबईच्या उपनगरांचा इतिहास सांगतांना ५ जानेवारी १९२८ या दिवसाचा उल्लेख सहसा येतो. त्या दिवशीं कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या. पुढच्याच वर्षीं बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली, आणि उपनगरांतील घरांतून कंदिलाची जागा हळूहळू विजेच्या दिव्यानें घेतली. गाडीचें व दिव्याचें आपणांस कौतुक वाटलें. परंतु गल्लीच्या तोंडाशीं रात्रंदिवस गुणगुणणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा इतिहास मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

या पेटीच्या पोटांत पोलादाच्या पातळ पत्र्यांची चवड असते. विजेच्या प्रवाहाबरोबर त्या पोलादाचें चुंबकत्व सेकंदास पन्नास वेळां उलटून पूर्ववत् होतें, आणि दर फेऱ्यास थोडी शक्ति उष्णतेच्या रूपानें वायां जाते. घरोघर दिवे मालवले तरी हा व्यय थांबत नाहीं. एका पेटींत ५० वॅट अधिक खर्ची पडले, तर वर्षाकाठीं ४३८ युनिटें बुडालीं!

हा व्यय धातूच्या जातीवर जसा अवलंबून असतो, तसाच त्या धातूस काय काय सोसावें लागलें यावरहि असतो. १८६५ सालीं इटलींतील व्हिल्लारी यानें ताणामुळें लोखंडाचें चुंबकत्व बदलतें असें दाखविलें. तोक्यो येथें अध्यापन करणाऱ्या ईविंग यानें हा विषय पुढें चालविला, व १८८१ सालीं चुंबकत्वाच्या मागें रेंगाळण्यास ‘हिस्टरिसिस’ हें नांव दिलें. १९०० च्या सुमारास हॅडफील्ड व त्याचे सहकारी यांनीं सिलिकॉनमिश्रित लोखंडाचे गुण उजेडांत आणले. आणि १९३४ सालीं अमेरिकेंत गॉस यास पोलादाचे कण एका दिशेस वळविण्याच्या कृतीचें पेटंट मिळालें.

परंतु इतक्या कष्टानें सिद्ध केलेला पत्रा अखेर कातरावाच लागतो. पात्याखालीं त्याची कड दबते, आंतील स्फटिकांची रचना विसकटते, आणि चुंबकत्वास तेथें सुखासुखी उलटतां येत नाहीं. समजा, हा बिघाड कडेपासून २ मिलिमीटर आंत पोंचतो. १० सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीचे दोन्ही कांठ मिळून शेंकडा ४ भाग बिघडला. तिच्याच पांच पट्ट्या केल्या कीं शेंकडा २० भाग बिघडतो. पत्रे सुमारें ८०० अंशांपर्यंत, हवा लागूं न देतां, तापवून सावकाश निवविले म्हणजे हा दोष पुष्कळसा जातो. गंमत अशी कीं, दाब जसा अपायकारक, तसा कणांच्या दिशेनें दिलेला हलका ताण उपकारक असतो. म्हणून पत्र्यावर त्यास सतत ताणून धरणारा कांचेसारखा लेपहि देतात.

मुलुंड व घाटकोपर यांच्या दरम्यान कांजूरमार्ग येथें क्रॉम्प्टन ग्रीव्हजच्या कारखान्यांत ट्रान्सफॉर्मर तयार झाले. तेव्हां ही विद्या आपल्या उंबरठ्याबाहेरची नव्हे. तरीहि मोडींत निघालेले पत्रे पुन्हा कातरून नव्या पेटींत बसविण्याची रीत आपल्या देशांत आढळते. डोळ्यांस ते पत्रे नव्यासारखेच दिसतात; पण भाजणीवांचून पुन्हा चालविलेली कातरी जुन्या बिघाडांत नव्याची भर घालते. खरेदीच्या दिवशीं वांचलेले रुपये पुढें वर्षानुवर्षें वायां जाणाऱ्या विजेच्या रूपानें फेडावे लागतात, आणि त्यांचा भार अखेर येतो तो ज्यांनीं ती पेटी कधीं निवडलीच नाहीं अशा घरांवर.