पोटासाठी गाडी हाकणाऱ्याचा परवाना

भाऊबीजेला पुण्याहून पौड मागे टाकून, धरणाच्या काठाकाठाने ताम्हिणी घाट उतरणाऱ्या भाड्याच्या जीपमध्ये अवघे माहेर-सासर दाटीने बसलेले असते. साऱ्यांचा जीव एका माणसाच्या हाती. त्या हाताला हा अधिकार सरकारने काय पाहून दिला, याचे कुतूहल आम्हां मुळशीकरांना सहसा नसते. मला ते होते, म्हणून जुने कायदे चाळले.

१९३९ च्या मोटार कायद्यात एक मजेशीर भेद होता. शेटजींनी स्वतःची मोटार हाकली तर साधा परवाना पुरे. पण त्याच मोटारीवर पगारी नोकर बसला की परवान्यावर तशी स्पष्ट नोंद हवी. मालाच्या वा उतारूंच्या भाड्याच्या गाडीलाही तशीच नोंद लागे. आता, चालकाच्या खिशात पगार आहे की नाही, हे मोटारीला थोडेच कळते! १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या १९८८ च्या कायद्याने पगारी नोकराची अट गाळली. भाड्याच्या वाहनाची मात्र ठेवली.

या एका ओळीच्या नोंदीने किती घरे हवालदिल केली! पिरंगुटला माल पोहोचवणारा एखादा टेम्पो घ्या. चालकाचा परवाना हलक्या मोटारीचा, टेम्पोही हलकाच. अपघात झाला की विमा कंपनी म्हणे, परवान्यावर मालवाहू गाडीची नोंद नाही, आम्ही भरपाई देणार नाही. कधी न्यायालय कंपनीला आधी पैसे द्यायला लावी आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायची मुभा देई. मालक तरी कोण? पुष्कळदा कर्जाने टेम्पो घेतलेला तोच चालक! इकडे मृताची बायकामुले वर्षानुवर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली मुकुंद देवांगन खटल्यात हा घोळ सोडवला. त्यावर शंका निघाल्या, तेव्हा ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांनी तोच निर्णय कायम केला: ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनाला हलक्या मोटारीचा परवाना चालतो, वेगळी नोंद नको. नोंद नसलेल्या चालकांमुळे अपघात वाढतात, असा आकड्यांचा पुरावा कोणी पुढे आणलाच नव्हता, हेही न्यायालयाने नमूद केले. निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख धनंजय चंद्रचूड यांचे घराणे आमच्याच जिल्ह्यातल्या कनेरसरचे, हे जाता जाता सांगतो.

मात्र गॅस किंवा रसायनांचा टँकर हाकणाऱ्याला वेगळे शिक्षण आणि परवान्यावर वेगळी नोंद आजही लागते. ती मला पटते. घाटात असा टँकर समोरून आला, की आपल्या जीपमधली पोरेसुद्धा गप्प होतात.