पदवीनंतरचे नाते : वैद्यकीय महाविद्यालय आणि माजी विद्यार्थी

आंतरवासिता संपली, पदवी हाती आली की डॉक्टर महाविद्यालयाचा निरोप घेतो. मात्र सार्वजनिक खर्चाने चालणाऱ्या रुग्णालयात, गोरगरीब रुग्णांच्या खाटेशी उभे राहून जे शिक्षण मिळाले, त्याचे ऋण त्या निरोपाने फिटत नाही. मुंबईतील माजी विद्यार्थ्यांमध्ये ही जाणीव जुनी आहे.

१८४५ साली स्थापन झालेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून १८५१ मध्ये पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. डॉ. भाऊ दाजी लाड त्यांपैकीच एक. या सुरुवातीच्या पदवीधरांनी आपले मंडळ स्थापून निबंधवाचन व रुग्णचर्चा सुरू केली. परळ येथे १९२५ साली सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि १९२६ साली केईएम रुग्णालय सुरू झाले. अध्यापक भारतीयच असावेत, ही त्यामागील देणगीची अट होती. मुंबईच्या अशा रुग्णालयांत खासगी व्यवसाय करणारे नामवंत डॉक्टर 'ऑनररी' म्हणून रुग्णसेवा व अध्यापन करीत. पूर्णवेळ अध्यापकांची पद्धत रुजल्यावर ही वाट अरुंद झाली, आणि माजी विद्यार्थी संघटनांचे महत्त्व वाढले.

संबंध राखण्यात स्वतःचेही हित आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते व त्यासाठी ३० श्रेयांक आवश्यक असतात. महाविद्यालयांतील मान्यताप्राप्त कार्यशाळा व व्याख्याने त्यासाठी उपयोगी पडतात. परदेशी जाणाऱ्यांना गुणपत्रके व प्रमाणपत्रांच्या पडताळणीची गरज भासते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. त्यापूर्वी उत्तीर्ण झालेल्यांना पदवीच्या कागदपत्रांसाठी मुंबई, पुणे, नागपूर आदी तत्कालीन विद्यापीठांकडे जावे लागते.

आर्थिक साह्य करताना कायदा ध्यानात घ्यावा. परदेशस्थ भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी देणगी मानली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी मात्र त्या व्याख्येत येते. अशी देणगी घेणाऱ्या संस्थेकडे विदेशी अंशदान कायद्यान्वये नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनुसार ती प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते.

यंत्र भेट देण्यापूर्वी विभागप्रमुखांशी बोलणे इष्ट. देखभाल व सुट्या भागांची तरतूद नसेल, तर महागडे उपकरणही धूळ खात पडते आणि रुग्ण रांगेतच राहतो. त्यापेक्षा गरजू विद्यार्थ्याचे वसतिगृहशुल्क, ग्रंथालयातील पुस्तके किंवा रुग्णसाह्य निधी हे मार्ग साधे व खात्रीचे ठरतात.

पैसा देणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी वेळ द्यावा. तालुक्याच्या ठिकाणी वीस वर्षे व्यवसाय केलेल्या डॉक्टरचा एक तासाचा अनुभव, सर्पदंशाचा वा अडलेल्या बाळंतपणाचा, पाठ्यपुस्तकातील प्रकरणाला जिवंत करतो. स्नेहमेळाव्यातील आठवणी हव्याहव्याशा असतात, यात शंका नाही. पण वॉर्डातील रुग्णाला त्या नात्याचा काही लाभ झाला, तरच ते नाते सार्थ म्हणावे लागेल.