डॉक्टर ओळखीचे असले तरी

तुमचे फॅमिली डॉक्टर घरातल्या सगळ्यांना ओळखतात. रात्री व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो पाठवला तरी उत्तर देतात. या ओळखीचा उपचारात फायदाच होतो. पण कधी कधी ओळखीमुळेच तपासणी राहून जाते.

माझीच चूक सांगतो. एका लग्नात जेवताना ओळखीचे काका म्हणाले, "छातीत जळजळतंय." मी पित्ताची गोळी सांगून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी ईसीजीत हार्ट अटॅक निघाला. तेच दवाखान्यात आले असते, तर घाम येतोय का, शुगर आहे का, हे विचारून मी तिथेच ईसीजी काढला असता. काका बचावले. तेव्हापासून मी समारंभात औषध सांगत नाही. लोकांना राग येतो, येऊ दे.

त्यामुळे "दवाखान्यात या" हे उत्तर तुटकपणाचं समजू नका. फोनवरून सल्ला द्यायला २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीनुसार परवानगी आहे, पण प्रत्यक्ष तपासणी हवी की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. सवय लावणारी काही औषधं तर फोनवरून लिहून देताच येत नाहीत. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर मेसेजच्या उत्तराची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

सुनेचा रिपोर्ट सासूबाईंनी विचारला, तर मी सुनेला विचारल्याशिवाय सांगत नाही. तुमच्या डॉक्टरांनीही तसंच करावं, ही अपेक्षा ठेवा.

तपासणीच्या वेळी नर्स किंवा घरचं माणूस जवळ हवं असेल, तर तसं सांगा. डॉक्टरांना त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पाळी, दारू, लैंगिक संबंध यांबद्दलचे प्रश्न निदानासाठी लागू शकतात. कारण विचारा, ते मिळायला हवं. मात्र आजाराशी संबंध नसलेले मेसेज, बाहेर एकटं भेटायला बोलावणं किंवा तुमच्याकडे पैसे उसने मागणं हे उपचारात बसत नाही.

डॉक्टरने आपल्या स्थानाचा फायदा घेऊन रुग्णाशी गैरवर्तन केलं, तर २००२ च्या आचारसंहितेनुसार कारवाई होऊ शकते. राज्यात नोंदणी असलेल्या ॲलोपॅथी डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. अंगाशी गैरप्रकार झाला असेल तर पोलिसांकडेही जा. मेसेज, केसपेपर, पावत्या जपून ठेवा. लाजून काही पुसून टाकू नका.